बांडगुळावरचा फुलटोचा

माझ्या घरमालकांकडे पक्ष्यांचे शेकडो फोटो होते आणि त्यांतल्या एकाही फोटोत पक्षी नव्हता.

हे मला घर बघायला गेले त्याच दिवशी कळलं. कुडाळच्या एका कचेरीत माझी नव्याने बदली झाली होती आणि वालावलला एका घराची मागची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. पाणी किती वेळ येतं, ओटा आहे का, असले प्रश्न मी मनात जुळवून गेले होते. घरमालकांनी, म्हणजे काकांनी, मला पडवीत बसवलं आणि पाण्याच्या तांब्याआधी लॅपटॉप पुढ्यात ठेवला.

"हो बघ सुभग," ते म्हणाले. पडद्यावर आंब्याची एक फांदी होती.

"हो शिंजीर." शेवग्याची फांदी, जराशी हललेली.

"ही नाचण." नुसता गडगा, कुंपणाची चिऱ्यांची बुटकी भिंत.

मी डोळे बारीक करून प्रत्येक पानामागे पक्षी शोधत होते. चष्म्याचा नंबर वाढला की काय, असंही वाटून गेलं. शेवटी धीर करून विचारलं, "काका, यात पक्षी कुठे आहे?"

"उडालो," ते शांतपणे म्हणाले. "हंयसून उडालो. फांदी अजून हलता, ती दिसता मां?"

आतून काकींचा आवाज आला. "उडतला नाय तर काय करतला? आधी बोंब मारतत आणि मगे फोटो काढतत."

"गाडी सुटली म्हणान स्टँड खोटो जाता काय गो?" काका म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. पुढे मी ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर ऐकलं. खोली मी त्याच दिवशी घेतली. ओट्याचं विचारायचं राहूनच गेलं.

काकांची सगळी नोकरी बसस्टँडवर गेली होती. कंट्रोलर. काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या जाहीर करायच्या. निवृत्त झाल्यावर माइक सुटला, आवाज सुटला नाही. लेकीने पुण्याहून चांगला कॅमेरा पाठवला, म्हणजे बाबांना विरंगुळा होईल आणि ते जरा गप्प बसतील. विरंगुळा झाला. पहाटे चहाचा कप घेऊन ते खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकत, डोळे मिटून घेत आणि कान लावून बसत. खळ्याच्या कडेला एक जुना रायवळ आंबा होता, तो त्यांचा स्टँड. खालची आडवी फांदी फलाट क्रमांक एक, विहिरीकडची दोन, आणि अगदी वरची, बांडगुळाने भरलेली, ती तीन. एरवी काका बोलत ते मालवणी. पण पक्ष्याचा आवाज कानावर आला की गळा खाकरून थेट शुद्ध मराठीत शिरत.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. शिंजीर, फलाट क्रमांक दोनवर लागलेला आहे."

मग कॅमेरा उचलत. तोवर शिंजीर कर्ली नदी ओलांडून पलीकडे गेलेला असे.

"काका, आधी फोटो काढा ना, मग जाहीर करा," मी एकदा सुचवलं.

"असा कसा? आधी जाहीर, मगे बाकीचा. जाहीर नाय केल्यार प्रवाशांनी करूचा काय?"

प्रवासी म्हणजे मी आणि काकी. काकींनी हे पद फार पूर्वीच सोडलं होतं, म्हणून ते भाडेकरणीच्या गळ्यात आलं. त्यात एक कामही होतं. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकजण देवाला मोठ्याने सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. तसं कुणी म्हटलं नाही तर गाऱ्हाणं अर्ध्या वाटेवरच राहतं, अशी काकांची पक्की समजूत, आणि तोच नियम त्यांनी पक्ष्यांना लावला होता. त्यामुळे सकाळी मी तोंडात ब्रश धरून किंवा केसांना टॉवेल गुंडाळून मागच्या दारातून ओरडत असे, "व्हय म्हाराजा!" न ओरडल्यास तीच गाडी पुन्हा जाहीर होई, आवाज चढवून.

मला ते बांडगूळ म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला. आमच्याकडे घाटावर एखाद्याला बांडगूळ म्हटलं की भांडणच होतं. पण काकांच्या तोंडी ती शिवी नव्हती. "माझ्या घरात दोन बांडगुळां," ते लोकांना सांगत. "एक झाडार, एक मागच्या खोलयेत. दोनव कोण कापूचे नाय." काकी त्यावर म्हणत, "आणि तिसरा खुर्चयेर."

पक्षी ओळखायला मी त्यांच्याकडेच शिकले, पण शिकवणी सरळ नव्हती. दयाळ म्हणजे पहाटेची पहिली गाडी, रिकामी असली तरी वेळेवर सुटणार. नाचण म्हणजे तिकीट तपासनीस, शेपटीचा पंखा पसरून प्रत्येक फांदी तपासत फिरणारी. सातभाई म्हणजे लग्नाचं वऱ्हाड. थंडीत येणारे बारके हिरवे वटवटे सगळे एकासारखे एक. त्यांच्यापुढे मोठमोठे जाणकार हात टेकतात, तिथे माझी काय कथा. मी एव्हाना स्वतःचा कॅमेरा घेतला होता आणि मोबाइलवर पक्षीवाल्यांच्या एका ग्रुपमध्येही शिरले होते. तिथे एका वटवट्याच्या पंखावर पट्टा एक की दोन, यावर आठवडाभर हमरीतुमरी चालली. मी फोटो मोठा करकरून पट्टे बघत बसलेली काकांनी पाहिली.

"काय मोजतंस?"

"पंखावरचे पट्टे."

"शेजारी दारात इलो तर तेच्या शर्टाची बटणां मोजून वळाखतंस काय? हाक मारल्यान की समाजता मां कोण तो?"

हे त्यांचं खरं होतं आणि ते त्याच्यावर जगत होते. पानाआडच्या चिमुकल्या आवाजावरून ते पक्षी सांगत आणि मी तासभर मान मोडून त्याचा फोटो मिळवला की तोच निघे. काका फोटोकडे बघतही नसत.

या सगळ्यांत त्यांचा जीव होता फुलटोच्यावर. अंगठ्याएवढा मळकट पक्षी, रंग नाही, तुरा नाही, नजरेत भरण्यासारखं काही नाही. आवाज मात्र खणखणीत. "चिक्, चिक्, चिक्", दगडावर दगड आपटावा तसा. तो बांडगुळाची फळं खातो. फळातली बी चिकट असते, ती तो फांदीला पुसून टाकतो, आणि जिथे पुसतो तिथे नवं बांडगूळ रुजतं. म्हणजे फुलटोचा हवा तर बांडगूळ हवं आणि बांडगूळ हवं तर फुलटोचा.

आणि इथेच भाईकाकांचं दुखणं सुरू होत होतं. भाईकाका म्हणजे काकांचे धाकटे चुलतभाऊ. गडग्याच्या पलीकडे त्यांची हापूसची कलमं. बांडगूळ कलमावर चढलं की फांदी सुकते, हे आंब्यात पोट भरणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको. रोज सकाळी ते काकांकडे चहाला येत आणि चहा पिता पिता भांडत.

"दादा, तुझा पाखरू बी पुसता माझ्या कलमार, आणि तू हंय बसान जाहीर करतंस! ता बांडगूळ कापून टाक."

"फुलटोचो खंय जायत मगे?"

"माझ्या कपाळार!"

हे वर्षानुवर्षं चाललेलं. शेवटी एकदा देवळाच्या पायरीवर चार माणसांसमोर काकांनी शब्द दिला होता. "ज्या वर्सा शिमग्यापर्यंत फुलटोचो बोललो नाय, त्या वर्सा तू कोयती घेवन ये. मी शिडी धरतलंय." जमलेल्यांनी सवयीने "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि शब्द देवाकडे जमा झाला. त्यानंतर भाईकाका दर वर्षी शिमग्याची वाट बघत आणि दर वर्षी फुलटोचा त्याआधी महिनाभर ओरडून त्यांचं डोकं उठवत असे.

मी तिथे राहिले त्यातल्या शेवटच्या थंडीत काका एका संध्याकाळी म्हणाले, "ह्या वर्सा रातकिडे खंय गेले कोण जाणा. एकदम गप."

मी आणि काकी एकमेकींकडे बघत राहिलो. बाहेर रातकिड्यांनी असं रान उठवलं होतं की काकींचं बोलणं मला धड ऐकू येत नव्हतं. काकांनी मोबाइलच्या टॉवरला दोष दिला, मग हमरस्त्याच्या कामात तोडलेल्या झाडांना, मग भाईकाकांच्या फवाऱ्याला. भाईकाकांच्या फवाऱ्यावर ते तासभर बोलले.

मग सकाळच्या गाड्या कमी होऊ लागल्या. दयाळ जाहीर होई, सातभाई जाहीर होत, भारद्वाज तर दोनदा. पण बारीक आवाजाचे एकेक गळत गेले. आंबा मोहरला, बांडगुळावर फळं धरली. एका सकाळी मी चहा घेऊन खळ्यात आले तर फुलटोचा थेट काकांच्या डोक्यावर ओरडत होता. चिक्, चिक्, चिक्. काका डोळे मिटून, हात कानामागे धरून बसले होते. माझी चाहूल लागल्यावर डोळे उघडले आणि म्हणाले, "फलाट तीन रिकामो."

एवढा वाईट क्षण मला त्या घरात दुसरा आठवत नाही. जगातला सगळ्यात ओळखीचा आवाज माणसाच्या डोक्यावर वाजतोय आणि तो त्याची वाट बघत बसलाय.

मी काकींना स्वयंपाकघरात गाठलं.

"म्हायत आसा गो माका," त्या भाकरी थापत म्हणाल्या. "रातकिड्यांचा बोलले तेव्हाच समाजला. पण सांगतलो कोण? डोळे गेले असते तर मी हात धरून फिरवलंय असतंय. कानाचो हात खंय धरूचो?"

प्रश्न साधा होता आणि त्याला दोन्ही बाजूंनी काटे होते. सांगितलं नाही, तर शिमगा होताच बांडगूळ तुटणार आणि फुलटोचा खरोखरच जाणार. सांगितलं, तर काकांचे कान जाणार. कॅमेऱ्याशिवाय ते राहिले असते. कानांशिवाय त्यांनी खळ्यात कशाला बसायचं?

मी फोटो काढून ठेवला. बांडगुळाचं फळ चोचीत धरलेला फुलटोचा, स्वच्छ उन्हात. आज दाखवू, उद्या दाखवू, असं करता करता शिमगा आला. होळी झाली, रोंबाटाची मिरवणूक झाली, देवाची पालखी घरोघर फिरून देवळात परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनीच गडग्यापाशी उभं राहून हाक मारली.

"भाई! गाडी रद्द. ये कोयती घेवन."

भाईकाका आले. जिंकलेल्या माणसासारखे आले, खोटं कशाला बोलू. काकांनी कबूल केल्याप्रमाणे शिडी धरली. काकी पडवीच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मी कॅमेरा गळ्यात अडकवून खळ्यात आले. आज दाखवायचाच असं ठरवूनच आले होते. तोंड उघडणार तोच वरून आवाज आला.

चिक्, चिक्, चिक्.

भाईकाका शिडी सोडून तिसऱ्या फलाटावर पोचले होते. त्यांच्या हाताच्या अंतरावर, बांडगुळाच्या झुबक्यात, तो चिमुकला जीव त्यांनाच दटावत होता. भाईकाकांनी उगारलेली कोयती तशीच धरली. त्यांनी खाली बघितलं. आधी काकांकडे. काका शिडी धरून मान वर करून स्वस्थ उभे होते, चेहऱ्यावर काही नाही. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. मग काकींकडे. काकींनी पदर तोंडाला लावला होता.

एवढी वर्षं ज्या बांडगुळासाठी भांडले, ते एका घावावर आलेलं होतं. शब्द काकांचा होता, दिवस ठरलेला होता, कुणी नाव ठेवलं नसतं. भाईकाकांनी कोयती हळूच खाली घेतली.

"दादा," ते वरून ओरडले, "कोयतीक धार नाय रे. उद्या बघूया." आणि खाली उतरून कुणाकडेही न बघता गडगा ओलांडून गेले. त्या दिवशी चहालाही थांबले नाहीत.

काका खुर्चीत बसले. गडग्याकडे बघत राहिले.

"भाईची कोयती बघलंस?" ते शेवटी म्हणाले. "उन्हात चमाकत होती. माझे डोळे शाबूत आसत गो."

मी वर बांडगुळाकडे बघितलं.

"आरडता मां तो?"

"हो काका."

"कधीपासून?"

"थांबलाच नव्हता."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, टॉवरचं नाव काढलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी कॅमेरा मागितला. "खंय आसा? दाखव."

मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि बोटाने नेम दाखवला. बांडगूळ, डावीकडचा झुबका, लाल फुलाच्या वर. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे जाहीर करायचं काही नव्हतं. त्यांनी न बोलता बटण दाबलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या फोटोत पक्षी होता. जरा हललेला, शेपटीचं टोक कापलेलं, पण होता. काका त्याच्याकडे चष्मा वर-खाली करून बघत राहिले.

"हो? येवढोच?" ते म्हणाले. "येवढ्याशा जिवाक येवढो आवाज होतो?"

काकी म्हणाल्या, "एकदाचो गावलो तुमका. आता फ्रेम करून लावया."

"नको," काका म्हणाले. "माझ्या त्या फोटोंत पाखरू नाय, पण आवाज आसा. ह्याच्यात पाखरू आसा, आवाज नाय." आणि तेव्हा त्यांचे डोळे भरले. माझेही.

बांडगुळाचा निकाल पुढे भाईकाकांनीच लावला. गडग्याच्या बाजूचं तेवढं त्यांनी कापलं, वरचं ठेवलं. धार परत आली कशी, हे काकांनी विचारलं नाही. लेकीने कानाचं यंत्र पाठवलं. त्यातून भांडी आणि काकी तेवढ्या मोठ्याने ऐकू येतात, अशी तक्रार करून काकांनी ते कपाटात ठेवून दिलं. मग आमची कामं आपोआप बदलली. सकाळी मी आंब्याखाली उभी राहून कान लावायचे, गळा खाकरायचे आणि शुद्ध मराठीत जाहीर करायचे. काका खुर्चीतून म्हणायचे, "व्हय म्हाराजा." पहिल्या दिवशी माझा आवाज फुटत नव्हता. "मोठ्यान," काका म्हणाले, "मागच्या बाकावर आयकाक येवक व्हया."

त्याच वर्षी पावसाळ्याआधी माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा काका भाईकाकांना म्हणाले, "झाडावरचा बांडगूळ तुझ्या हातून वाचला. मागच्या खोलयेतला मात्र कचेरीन कापल्यान." मी टेम्पोत बसून कुडाळपर्यंत रडले.

आता मी दूर घाटावर असते. सकाळी फोन वाजतो. हॅलो नाही, कशी आहेस नाही. आंबे उतरवायचा झेला असतो ना, लांब बांबूच्या टोकाला जाळी, त्या जाळीत काका फोन ठेवतात आणि भाईकाका तो बांबू उचलून फोन तिसऱ्या फलाटावर नेतात. माझ्या पडद्यावर आधी दोन म्हाताऱ्यांची टकलं दिसतात, मग पानं, मग आभाळ. मी ऐकते. थोड्या वेळाने झेला खाली येतो आणि काकांचा चेहरा पडदाभर होतो. "काय लागला?" मी जाहीर करते. शेजारच्यांना वाटतं, मी कुठल्या तरी बसची चौकशी करते.

परवा झेला खाली आला तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. नुसता वारा ऐकू आला होता. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण ज्या माणसाने मला ऐकायला शिकवलं त्याला खोटी गाडी कशी लावून देऊ?

"आज फलाट तीन रिकामा आहे, काका."

मला वाटलं, आता म्हणतील रद्द.

"रद्द न्हय," काका म्हणाले. "लेट आसा. फोन ठेवू नको. भाई, वर घे परत."

फोन पुन्हा वर गेला. पानं, आभाळ. खाली दोघं झेला सरळ धरण्यावरून भांडत होते. मला कामावर जायला उशीर होत होता, पण मी कान देऊन बसले. आणि मग अगदी जवळ, जणू माझ्या खांद्यावर बसून, चिक्. चिक्, चिक्.

फोन खाली यायची वाट न बघता मी होता नव्हता तेवढा आवाज लावला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! फुलटोचा, फलाट क्रमांक तीनवर लागलेला आहे!"

"व्हय म्हाराजा!" खालून भाईकाकांचा आवाज आला. मग ते काकांच्या कानाशी काहीतरी बोलल्याचं पुसट ऐकू आलं. आणि मग, जरा उशिरानेच, स्टँडभर घुमणाऱ्या त्या जुन्या आवाजात दुसरा होकार आला.

"व्हय म्हाराजा!"